नऊ पाकिटं

लोकांना फुंकायला लावणं हा माझा धंदा आहे. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या पुढे, खिडकी नसलेल्या एका खोलीत मी बसते. समोरच्या खुर्चीत माणूस बसतो. मी त्याच्या नाकाला चिमटा लावते, तोंडात पुठ्ठ्याची नळी देते आणि ओरडायला लागते, "छाती भरून घ्या, घ्या, घ्या... आता फुंका! फुंका, फुंका, थांबू नका, अजून आहे, अजून आहे!" बाहेरच्या बाकावर बसलेले लोक हसतात. सफाईवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला फुंकणीबाई म्हणतात. वीस वर्षं घसा फोडून ओरडल्यावर माणसाला काहीतरी नाव पडायचंच.

माणसाने फुंकलं की पडद्यावर एक रेघ उमटते. झटकन वर चढते, टोकाला पोचते आणि उतरत खाली येते. फुफ्फुसं धड असतील तर उतार सरळ असतो. आतल्या बारीक नळ्या बिघडलेल्या असतील तर उतार मध्येच खचतो, वाळत घातलेल्या कपड्यांच्या ओझ्याने दोरी खाली यावी तसा. आणि प्रत्येकाची रेघ प्रत्येकाची असते. माझ्या रेघेला उतारावर एक टेंगूळ आहे. त्यात काळजीचं काही नाही, काही जणांच्या नळ्यांची घडणच तशी असते. मला हे काम शिकवणाऱ्या ताईंनी ते पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. "हा बघ तुझा गुडघा," म्हणाल्या होत्या. "हजार रेघांतून मी तुला ओळखून काढीन."

ताई माझ्या वरिष्ठ. बहीण नाहीत, पण बाळंतपणात माझ्या उशाशी बसल्या त्या माझ्या सख्ख्या बहिणीच्याही आधी. त्यांनी लावलेली शिस्त दोन गोष्टींची. एक, रोज सकाळी पेशंट यायच्या आधी मशीन तपासायचं. आधी ठरलेल्या मापाच्या पंपाने हवा सोडून बघायची, मग आपल्यातल्या एका धडधाकट माणसाने स्वतः फुंकायचं. आकडा कालच्याएवढा आला तर मशीन बरोबर. ताईंना दमा, म्हणून रोज फुंकायचे मी. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. दुसरी शिस्त, घरच्या माणसाची तपासणी घरच्या माणसाने करायची नाही. "एक तर तू त्याला जीव जाईपर्यंत फुंकायला लावशील, नाहीतर दया येऊन सोडून देशील," ताई म्हणायच्या. त्याची फाइलसुद्धा उघडायची नाही. मी दोन्ही नियम पाळले. आज त्याचाच राग येतो.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना वाटतं, काय मजेचं काम, वर-खाली वर-खाली. पण लिफ्ट बंद पडली म्हणूनच त्याला बोलावतात, म्हणजे हत्यारांची पिशवी घेऊन सगळे जिने चढणं आलंच. तो उंचीने माझ्याहून दोन बोटं कमी. लग्नातल्या प्रत्येक फोटोत मी गुडघ्यात वाकलेली आहे आणि तो टाचा उंचावून उभा आहे, यावर आम्ही आयुष्यभर हसलोय. सिगारेट त्याला सोळाव्या वर्षापासून. दिवसाला एक पाकीट, काम अडलं तर दीड.

दहा वर्षांपूर्वी एका दुपारी तो मला न्यायला आला आणि ताईंनी त्याला थट्टेथट्टेत खुर्चीत बसवलं. मी बाजूला उभी होते. त्याने जोरात फुंकलं, टोक छान वर गेलं, त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पण उताराचा शेवटचा भाग खचला होता. थोडासाच. बाकी कुणाला दिसलाही नसता. मला दिसला.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी त्याला कागदावर काढून दाखवलं. श्वासनळीला फांद्या फुटतात, त्यांना पुन्हा फांद्या, वीस-बावीस वेळा. शेवटच्या नळ्या शेवयांपेक्षाही बारीक. धूर आधी तिथे जाऊन बसतो. त्या सुजतात, चिकट होतात, आखडतात. आणि वाईट हे की त्या बोंब मारत नाहीत. दुखत नाही, दम लागत नाही. निम्म्या निकामी झाल्या तरी माणूस जिने चढतोच आहे. मग पुढच्या हवेच्या पिशव्यांची पाळी येते. त्यांच्या पातळ भिंती विरघळतात आणि शंभर छोट्या पिशव्यांची एक मोठी ढिली पिशवी होते. हवा आत जाते, बाहेर येत नाही. माणूस भरल्या छातीने गुदमरतो.

"सूज उतरू शकते," मी म्हटलं. "भिंती पडल्या की पुन्हा उभ्या राहत नाहीत. तू आत्ता बरोबर मधल्या पायरीवर आहेस."

आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, शेजारी बसून चित्र रंगवत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, खिशातलं पाकीट काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मीही तेव्हा एक वाक्य बोलले. पुन्हा ओढलेली कळली तर मुलीला घेऊन निघून जाईन, असं. ते मी ताईंनाही सांगितलं होतं. खरंच गेले असते का, कुणास ठाऊक.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत पडली. लग्नाच्या वाढदिवशी दुपारी तो ताईंकडे यायचा, दार लावून तपासणी व्हायची आणि संध्याकाळी तो रिपोर्ट पाकिटात घालून मला द्यायचा. बाकीच्या बायकांना नवरे दागिने देतात, साड्या देतात. मला खाकी पाकीट. ताई फक्त आकड्यांचं पान छापून द्यायच्या. "रेघ बघितलीस की तू कीस पाडत बसशील," म्हणायच्या. आकडे बघून मी भरून पावायचे. त्याच्या वया-उंचीच्या निरोगी माणसाच्या ब्याण्णव टक्के. त्र्याण्णव टक्के. पुन्हा ब्याण्णव. एका वर्षी मी पाकीट उराशी धरून रडले आणि तो ओशाळल्यासारखा खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, लाजला.

वास येत नव्हता असं नाही. यायचा. त्याच्या जाकिटाला, केसांना. तो म्हणायचा, बरोबरचा जोडीदार ओढतो, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत खिडकी नसते. लवंग चघळायची सवय त्याला तेव्हाच लागली. मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना एकदा काहीतरी म्हणाली, तर मी कपाटातलं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं होतं. माझं नाक मला एक सांगत होतं आणि कागद दुसरं, आणि मी कागदावर विश्वास ठेवला. ज्याचं पोट कागदावर चालतं तो दुसरं काय करणार?

सहा महिन्यांपूर्वी ताई निवृत्त झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की नवरा दुसऱ्या मजल्यावर थांबतो. पिशवी या हातातून त्या हातात घेतो, जिन्याचा कठडा तपासल्यासारखं करतो. मग तो शीळ घालायच्या बेतात असल्यासारखे ओठ करून श्वास सोडायला लागला. ते ओठ मी रोज बघते. माझ्या बाकावर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे तसेच असतात. तरी मी म्हटलं, वजन उतरलंय, अशक्तपणा असेल. लग्नाच्या वाढदिवसाला, म्हणजे पुढच्या तपासणीला, अजून पाच महिने होते.

शेवटी मी त्याला ओढत छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. आमचेच डॉक्टर, रोजची ओळख. त्यांनी मला बाहेर उभं केलं आणि स्वतः फुंकायला लावलं. दाराआडून त्यांचा आवाज येत होता, "अजून, अजून," आणि त्यामागे बारीक शिट्टीसारखा नवऱ्याचा श्वास. मी सवयीने मोजत होते. चांगला माणूस सहा सेकंदांत रिकामा होतो. मी अठरापर्यंत पोचले तरी त्याचा श्वास संपत नव्हता.

छत्तीस टक्के.

मग स्कॅन झाला. डॉक्टरांनी चित्र दिव्यासमोर धरलं. वरच्या भागात काळी भोकं, कसर लागलेल्या लोकरीसारखी.

"हे चित्र सिगारेटचं आहे," ते म्हणाले. "सोडली होती ना?"

"दहा वर्षं झाली, शिवलेली नाही," नवरा म्हणाला.

"डॉक्टर, माझ्याकडे दरवर्षीचे रिपोर्ट आहेत," मी मध्येच म्हणाले. माझा आवाज चढला होता. "गेल्या वर्षी ब्याण्णव टक्के होता तो! तुम्ही माझ्यासमोर त्याला खोटं पाडू नका."

दुसरं कुणी असतं तर डॉक्टरांनी ऐकलं नसतं. पण मी फुंकणीबाई, माझ्या आकड्यांवर ते रोज औषधं लिहितात. "तसं असेल तर एका वर्षात एवढं कोसळणं सिगारेटने होत नाही," ते विचार करत म्हणाले. "फुफ्फुसांचं रक्षण करणारा एक पदार्थ रक्तात असतो. काही घराण्यांत तो जन्मतःच कमी असतो. यांचं रक्त बघू. आणि तो दोष पोटच्या मुलांत उतरू शकतो. मुलीचंही रक्त घेऊन टाकू."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. "घेऊ या ना," म्हणाला.

आमची मुलगी अठरा वर्षांची. पोहण्यात तरबेज, आणि गेल्याच महिन्यात तिला तलावावर लहान मुलांना शिकवायचं काम मिळालेलं. तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाथरूममधून पाण्याचा आवाज येईना म्हणून मी दार ढकललं, तर ही बादलीत तोंड बुडवून बसलेली, हातात घड्याळ. "एक मिनिट चाळीस," वर येऊन म्हणाली. "गेल्या महिन्यात दोन मिनिटं यायचं. आई, मला पण सुरू झालंय का गं?" नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. दार उघडं होतं. त्याला ऐकू गेलं. त्याने पान उलटलं.

डॉक्टरांनी मला एक काम सांगितलं होतं. जुन्या सगळ्या रेघा एकावर एक घालून छापून आण, म्हणजे नेमकं कोणत्या वर्षी कोसळलं ते कळेल. मुलीचं रक्त गुरुवारी घ्यायचं होतं. बुधवारी दुपारी पेशंट संपल्यावर मी दहा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याची फाइल उघडली.

पहिली रेघ दहा वर्षांपूर्वीची, शेवट जरासा खचलेला. शेवटची परवाची, पार बसलेली. आणि मधल्या नऊ, एकमेकींवर अगदी बेमालूम पडलेल्या. उतार सरळ, खणखणीत. मला आधी अभिमानच वाटला. मग त्या उतारावर मला टेंगूळ दिसलं.

नऊच्या नऊ रेघांना गुडघा होता. पहिलीला नव्हता, शेवटचीला नव्हता.

मी रोजच्या तपासणीची यादी काढली, तारखा जुळवल्या. आकडे दशांशापर्यंत तेच. फुंकल्याची वेळसुद्धा नोंदलेली होती, सकाळी आठ दहा. नवरा यायचा दुपारी चारला. मी सकाळी मशीनसाठी फुंकलेला श्वास दुपारी त्याच्या नावावर चढत होता. माणूस बदलला की मशीन त्याच्या वया-उंचीप्रमाणे टक्केवारी नव्याने काढतं. तो माझ्याहून बुटका, म्हणून माझा श्वास त्याला बरोबर बसला. आमच्या लग्नाच्या फोटोतला विनोद तिथे कामाला आला होता. नऊ वर्षं मी स्वतःचंच आरोग्य पाकिटातून घेऊन आनंदाने रडत होते.

मी ताईंना फोन लावला. काही विचारावंही लागलं नाही. "गुडघा दिसला?" त्या म्हणाल्या.

"का केलंत, ताई?"

"त्याने दोन महिने खरंच सोडली होती गं. मग पुन्हा लागली. पहिल्या वाढदिवशी फुंकलं तर रेघ आणखी खाली. रडला माझ्यापुढे. तू घर सोडून जाणार म्हणाली होतीस. मी म्हटलं, एक वर्ष सांभाळून घेऊ, तेवढ्यात सोडेल. मग दुसऱ्या वर्षी काय सांगणार होते मी तुला?"

"रेघ खाली जाताना तुम्ही बघत होतात? दरवर्षी?"

"दुसऱ्या वर्षापासून मी त्याला फुंकायला लावलंच नाही," ताई म्हणाल्या. "मला बघवलं नसतं. तिथे बसून चहा प्यायचा आणि जायचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने मला रेघ वाचायला शिकवली तिने नऊ वर्षं माझे डोळे बांधून ठेवले होते, आणि वर तिला वाटत होतं की तिने माझा संसार वाचवला. मी फोन ठेवला. पुन्हा त्यांच्याशी बोलणं होईल असं वाटत नाही.

घरी आले तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसून मुलीचा बिघडलेला टेबलफॅन उघडत होता. मी कपाटातली नऊ पाकिटं काढली आणि त्याच्यापुढे मांडली. शेवटी तो अकरा रेघांचा कागद ठेवला.

"या माझ्या आहेत," मी म्हटलं.

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "पहिल्या पाकिटाच्या वेळी तू इतकी खूश झालीस," तो म्हणाला, "की मला वाटलं, उद्यापासून सोडतोच. शप्पथ. दर वाढदिवसाला वाटायचं."

"ते तुझं तुझ्यापाशी. तू माझा केसाने गळा कापलास, ते मी बघून घेईन. पण डॉक्टर पोरीचं रक्त मागत होते तेव्हा तुझी वाचा बसली होती का?"

"तिचं काही निघणार नाही, मला माहीत होतं ना. नॉर्मलच येणार रिपोर्ट. म्हटलं, एक सुई टोचतील, काय जातंय."

"काय जातंय? ती बादलीत तोंड घालून श्वास मोजत बसते आणि तू पेपर वाचतोस?" मी टेबलावर हात आपटला, फॅनचे स्क्रू जमिनीवर सांडले. "मी त्या डॉक्टरांशी भांडले तुझ्यासाठी! माझी वीस वर्षांची अब्रू टाकली तुझ्या बाजूने, आणि तू शेजारी बसून मान हलवलीस!"

त्याला बोलायचं होतं, पण आधी श्वास पुरा करावा लागत होता. ओठ गोल करून तो हवा सोडत राहिला, सोडतच राहिला. मला तेव्हा त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. त्या पडलेल्या भिंती आता कुणी बांधणार नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी खरी रेघ माझ्या हातात पडली असती तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित निघूनही गेले असते. पण त्याची छाती उरली असती. ती संधी माझ्याच श्वासाने झाकून ठेवली होती.

"मुलगी येईल आता," मी म्हटलं. "तूच सांगायचंस. मी एक शब्द बोलणार नाही."

ती आली, ओले केस, खांद्यावर टॉवेल. त्याने तिला समोर बसवलं आणि सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं सांगितलं, ताईंसकट. दुसऱ्या कुणावर ढकललं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"म्हणजे मला काही नाही?" तिने विचारलं.

"काही नाही, बाळा."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदका दिला. सुटल्याचा होता तो. मग तिच्या लक्षात आलं की आपण कशावर सुटलो, आणि ती बापाकडे बघून खरंच रडली. त्याने हात पुढे केला, पण तिने तो घेतला नाही.

मी तिला जवळ घ्यायला उठले. "माझ्या डोळ्यांत यांनी धूळ फेकली गं," मी म्हटलं. "दोघांनी मिळून. मला कळूच दिलं नाही."

ती माझ्यापासून मागे सरकली.

"मी तुला सांगितलं होतं, आई," ती म्हणाली. "मी अकरा वर्षांची होते. बाबांना जिन्याखाली ओढताना मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि तुला येऊन सांगितलं होतं. तू हे पाकीट काढलंस." तिने टेबलावरून एक पाकीट उचललं. "म्हणालीस, मशीन खोटं बोलत नाही, तू बोलतेस. मग मला बाबांपुढे उभं करून माफी मागायला लावलीस. मी मागितली. ते म्हणाले, असू दे."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली होती. मला ते सगळं आठवत होतं. एवढे दिवस मी स्वतःला सांगत आले होते की मुलगी तेव्हा नुसतं काहीतरी म्हणाली होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

तिने पाकीट बाकीच्या आठांवर नीट ठेवलं, टॉवेल उचलला आणि तिच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी खाली बसले आणि फॅनचे सांडलेले स्क्रू वेचायला लागले. तोही वाकून वेचायला लागला, पण वाकलं की त्याला दम लागत होता, म्हणून मी त्याला म्हटलं, राहू दे.